पयले जेवा, मंग बोलू

वऱ्हाडात माझ्या नाटकावर पहिली टीका झाली ती पुरणपोळीचं जेवण झाल्यावर, मी अंगणात हात धूत असताना. हातावर पाणी घालणारे यजमानच टीकाकार होते. तांब्याची धार धरत ते म्हणाले, "आता बोलू का, बुवा?" मला वाटलं, शेला-पागोटं देणार असतील.

हल्ली नाटकांवर लिहिणारी मंडळी पुष्कळ झाली आहेत. तिकीट फुकट घेतात, पुढच्या खुर्चीत बसतात, मधेच उठून पान खाऊन येतात आणि आठवड्याच्या पत्रात आपली दीडशहाणी मतं छापतात. त्यांतलाच एक तरुण परवा माझ्याकडे आला. स्वभावाने बरा होता. त्याने विचारलं, "तुमच्या काळी नाटकांची परीक्षणं करणारं कोणी नसेलच ना?" मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडी चीडही आली. नव्हतं म्हणजे काय? ज्यांनी माझं नाटक सोलून काढलं त्यांच्यामुळेच मी उभं आयुष्य या धंद्यात काढलं. त्यांची नावं मी लिहीत नाही. त्यांनी ती कधी कुठे छापून आणली नाहीत, मग मी तरी कशाला आणू? पण उपकार लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी मूळचा कृष्णाकाठचा, गुरवाच्या घरचा. देवळात गाता-वाजवता गळा तयार झाला आणि चेहरा बरा होता म्हणून एका नाटकमंडळीत शिरलो. तिथे राण्या, देवी, शाप मिळालेल्या अप्सरा अशी कामं माझ्याकडे असत. नऊवारी मला शोभते असं लोक म्हणायचे आणि मी ते खरं मानायचो. मग मिशी फुटली. कितीही तासली तरी सफेद्याच्या लेपातून हिरवी दिसायची. आवाजही फाटला. राणी रागावली की लोक हसत आणि राणी रडली की आणखी हसत.

आमचे मालकच मंडळीचे सूत्रधार होते. त्या वेळी नाटक म्हणजे सूत्रधाराने पदं गाऊन आख्यान पुढे न्यायचं आणि पात्रांनी मधेमधे सुचेल तशी भाषणं करायची. मालकांचा गळा बसत चालला होता. माणूस मनाने वाईट नव्हता, पण बिनकामाचं तोंड पोसणं त्यांच्या हिशेबात बसत नसे. एका सकाळी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"आता तुला साडी न्हाई," ते म्हणाले. "पदं रचतोस न्हवं? मग नवं आख्यान रच, आन् तूच हुबा ऱ्हाऊन गा. बसलं तर सूत्रधारी तुझी. न्हाई बसलं तर गावाकडं जाणाऱ्या गाडीत तुला बसवून देतो. राग मानू नगंस."

गावाकडे थोरला भाऊ देवळाची पाळी सांभाळत होता आणि त्याच्या चुलीपाशी माझ्यासाठी जागा नव्हती. हे मालकांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तेव्हा राग मानायची सोयच नव्हती.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची भूक लागली होती. जो तो वऱ्हाडाकडे धावत होता. दलाल गेले, सोनार गेले, अत्तरवाले गेले, त्यांच्या मागोमाग आम्हीही पडदे आणि पेटारे गाड्यांवर लादून निघालो. अमरावतीला पोचलो तर परकोटाबाहेरच्या मैदानात नजर जाईल तिथवर कापूस. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आणि हवेत सदा तरंगणारा तंतू. तो रंगवलेल्या तोंडाला असा चिकटायचा की आमच्या सगळ्या देवांना पांढऱ्या दाढ्या फुटत.

नवं आख्यान कोणतं रचायचं हे मालकांनीच सुचवलं. म्हणाले, "हितली गोष्ट हितंच लाव. लोक खूश हुतील." वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर तिथून लांब नाही. तिथल्या राजाच्या मुलीला द्वारकेच्या राजाने रथात घालून नेलं, तिच्याच मर्जीने आणि तिच्या भावाच्या मर्जीविरुद्ध, ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही? ती अंबेच्या दर्शनाला आली होती आणि अमरावतीच्या देवळातूनच तिला नेलं, असं तिथले लोक मानतात. त्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आमचा मंडप होता. एवढी सोन्यासारखी संधी मालक कशाला सोडतील!

मी जीव ओतून पदं रचली. रथाचं पद, घोड्यांचं पद, द्वारकेच्या वैभवाचं पद. भावाला राक्षस केला, कारण राक्षसाशिवाय आमचं नाटक उभंच राहत नसे. त्याच्या तोंडाला शेंदूर फासला, जटा बांधल्या, आणि तो आरोळी ठोकत आला की पुढची पोरं आयांच्या कुशीत शिरतील असा बंदोबस्त केला. राजकन्येला मी चटकन रथात चढवली. तिथे माझं सगळ्यांत लांब पद होतं.

पहिल्या खेळाला मंडप तुडुंब भरला. कापसाच्या गाठोड्यांवर माणसं बसली होती आणि एका अंगाला बायकांसाठी कनात होती. मी गायलो. एकही माणूस हलला नाही की खोकला नाही. आमच्याकडे पद आवडलं की लोक "वाहवा" करतात, नाही आवडलं तर खडे मारतात. इथे दोन्ही नाही. मालक पडद्याआडून म्हणाले, "गुंग झाल्यात रं."

दुसऱ्या सकाळी एक गडी निरोप घेऊन आला. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने मालकांना आणि पदं म्हणणाऱ्याला जेवायला बोलावलं होतं. हे गृहस्थ पुढच्या रांगेत बसले होते. काळ्या जमिनीचे धनी, पांढऱ्या मिशा, आणि सगळं गाव त्यांना काकाजी म्हणायचं. आमच्यातले ब्राह्मण आपापलं सोवळ्यात शिजवून खात, पण मालक आणि मी कुठेही जेवायला मोकळे होतो. अंघोळी करून, धुतलेले अंगरखे घालून आम्ही निघालो.

काय ते जेवण! पुरणपोळ्या, कटाची आमटी, भजी, कुरडया, आणि तुपाची वाटी निम्मी झाली की वरून पुन्हा धार. काकाजींची बायको, तिला सगळे काकू म्हणत, दाराआडून वाढणाऱ्या सुनांना सांगत होती, "त्याईले अजून वाढा वो. पोट भरून खाऊ द्या." जसजसं तूप पडत होतं तसतसा मालकांचा चेहरा उजळत होता. तिसऱ्या पोळीला ते माझ्या कानाशी लागले, "बसलं रं, आपलं नाटक बसलं." मीही मनातल्या मनात सूत्रधाराचं पागोटं बांधून पाहिलं.

आणि मग अंगणात हातावर पाणी पडलं आणि काकाजींनी विचारलं, "आता बोलू का, बुवा?"

"बोला की," मी म्हणालो.

"तुमी काल जे केलं ना, थे आमाले आवडलं नाई."

वऱ्हाडी बोलणं आमच्या कानांना आधीच रोखठोक वाटायचं. नुसतं "तुमी काय करून राहिले?" असं कोणी सहज विचारलं तरी मला वाटे, आता भांडण होणार. हे तर सरळ कानफटातच होतं. माझ्या ओल्या हातांवरून पाणी निथळत राहिलं.

काकाजींनी मला ओट्यावर बसवलं, पानाचं तबक पुढे केलं आणि सावकाश एकेक गोष्ट काढली. "थो तिचा भाऊ. त्यानं चूक केली असन. पन थो राक्षस कावून? थो आमच्या वऱ्हाडचा राजपुत्र. बहिनीवर जीव होता म्हनून चिडला. तुमी त्याच्या तोंडाले शेंदूर फासला. आमाले लाज वाटली, बुवा. आनं आपली पोट्टी..."

इथे मला कळलं की अमरावतीत तिचं नाव कोणी घेतच नव्हतं. बायका-पुरुष सगळे तिला "आपली पोट्टी" म्हणत होते. हजारो वर्षांपूर्वी गेलेली मुलगी, पण जणू मागच्या लग्नसराईत सासरी धाडली.

"आपली पोट्टी रथात बसली, आनं मांगं वळूनबी पायलं नाई तिनं. तुमी घोडे दाखवले, द्वारका दाखवली. तिचं माहेर कुठी दाखवलं?"

मला घाम फुटला आणि मग राग आला. मी म्हणालो, "काकाजी, एवढं वाईट होतं तर पुरणपोळी कशाला घातली? तसंच हाकलून द्यायचं होतं!"

ते मनापासून हसले. "वाईट बोलाचं होतं म्हनूनच त पुरन शिजवलं! उपाशी मानसाले कोनी बोलते काय? आमच्या घरी असंच हाये. सोयऱ्याशी भांडाचं असलं का पयले गोड जेवू घालतो. पयले जेवा, मंग बोलू."

मालक खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या तोंडावरचं सगळं तूप उतरलं होतं.

तेवढ्यात दाराआडून काकूचा आवाज आला. तिने कनातीमागून खेळ पाहिला होता. ती नवऱ्याला म्हणाली, "त्याईले विचारा, त्याईच्या गावची पोट्टी सासरी जाताना काय करते?"

"रडते," मी तोंड वाकडं करून म्हणालो.

"थे त सगळ्याच रडतात. आमच्याकडं पोट्टी जाताना रांजन भरून जाते. त्या दिवशी मायले पान्याले जा लागू नये म्हनून. मी भरला होता. माह्या लेकीईनं भरला."

"अहो, ती राजाची मुलगी," मी म्हणालो. "घरात दासी असतील. ती पाणी भरेल का?"

 मग काकू म्हणाली, "तिले माय होती का नवती?"

 काकाजी उठले आणि मला म्हणाले, "दुरुस्त करा अन् फिरून आना. मंडप मी घालतो. पुन्यांदा पाहीन." अख्ख्या आयुष्यात माझं नाटक इतक्या मनापासून कोणी पाडलं नाही आणि पाडल्यावर पुन्हा पाहायचं वचनही कोणी दिलं नाही. त्या दिवशी मात्र मला त्यातलं फक्त पाडणं ऐकू आलं.

बिऱ्हाडी परतताना मालक म्हणाले, "आता अकोल्याचा मुक्काम. तिथनं परत हितं. तवर बसलं तर बसलं. मी गाडीची चौकशी करून ठेवतो." गाडी कोणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही.

अकोल्याच्या वाटेवर मी काकूशी मनातल्या मनात खूप भांडलो. बडनेरा मागे पडलं तेव्हा म्हणत होतो, राजवाड्यात रांजण कसला? मूर्तिजापूर आलं तेव्हा म्हणत होतो, बरं, रांजण असेल, पण भरते कशाला? आणि मग बैलांच्या चालीवर डुलताना एकाएकी ध्यानात आलं, की ती पळून जाणार आहे हे घरात कोणालाच ठाऊक नाही. सगळ्यांना वाटतं, ही देवीच्या दर्शनाला निघाली. फक्त तिला माहीत आहे. आई विचारणार, "अगं, तू कशाला भरतेस?" आणि ती काहीच सांगू शकणार नाही.  तिथे गाडीतच मी पद रचायला घेतलं, आणि असं पद रचलं की मीच माझ्यावर खूश झालो.

अकोल्यात मोर्णेकाठी आमचा तळ पडला. तिथे एक साप्ताहिक दगडी छापावर निघत असे. कचेरीतले एक कारकून त्यात गावच्या बातम्यांबरोबर नाटकांविषयीही लिहीत. हे पुण्याकडचे होते, बोलणं तोलूनमापून. खेळाच्या आदल्या दुपारी ते तालीम पाहायला आले, सरकीच्या पोत्यावर रुमाल पसरून बसले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत. तंतू उडून त्यांची पगडी पांढरी झाली तरी त्यांनी ती झटकली नाही.

तालीम संपल्यावर ते मला म्हणाले, "राजकन्येने पाणी भरावे हे मला पटत नाही. कोणत्याही पोथीत असे नाही. परंतु ठेवणारच असाल, तर तेथे गाऊ नका."

"गाऊ नको? अहो, ते माझं सगळ्यांत चांगलं पद आहे!"

"पद उत्तम आहे. परंतु ती कोणाला काही सांगत नाही. आईलाही नाही. आणि तुम्ही मृदंगाच्या ठेक्यावर साऱ्या गावाला सांगून टाकता."

मी त्यांना काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. एवढंच लिहितो, की अकोल्याच्या खेळात मी ते पद सगळंच्या सगळं गायलो, वर एक तान जास्त घेतली. लोकांनी माना डोलावल्या. भावाचा शेंदूर मी काढून टाकला होता. तेही लोकांना रुचलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ झाला आणि कारकून पुन्हा येऊन बसले.

साप्ताहिक छापून आलं. त्यांनी लिहिलं होतं की आख्यान नवे आणि चांगले आहे, सूत्रधार तरुण असून गळ्याचा गोड आहे, परंतु त्याला स्वतःच्या गळ्याचा मोह आवरत नाही. पुढे असंही होतं की राजकन्येच्या खांद्यावरची घागर रिकामी असल्याचे तिच्या चालण्यावरून शेवटच्या माणसालाही कळत होते, आणि रिकाम्या घागरीने आईचे घर भरत नाही.

ते पत्र मुठीत चुरगाळून मी तडक त्यांच्या बिऱ्हाडी गेलो. ते ओसरीवर बसून लेखणीचं टोक तासत होते. मी आवाज चढवून बोललो. घागर रिकामी ठेवतात कारण पोरं पाय घसरून पडतात, पाण्याने पडद्यांची आणि साड्यांची नासाडी होते, वगैरे वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आतून ताकाचा तांब्या मागवला आणि म्हणाले, "मी दोन वेळा पाहिले. वाईट असते तर एकदा पाहून निजलो असतो."

मी ताक प्यायलो. परतताना राग बराच उतरला होता, पण पूर्ण नाही. राग पूर्ण उतरला तो अमरावतीच्या वाटेवर, कारण तिथे मी राजकन्येचं काम करणाऱ्या पोराला खरी भरलेली घागर खांद्यावर देऊन गाडीमागे चालवून पाहिलं. त्याची मान, कंबर, पाऊल सगळं बदललं. मी माझं पद मनात म्हणून पाहिलं आणि प्रथमच ते मला बडबडीसारखं वाटलं. मी ते काढून टाकलं. दुसऱ्या कुणी मला ते काढायला लावलं असतं तर मी मंडळी सोडली असती. कारकुनांनी ते कसं जमवलं, मला आजही कळत नाही.

अमरावतीला काकाजींनी वचनाप्रमाणे मंडप घातला होता, माळ्यांकडून झेंडूच्या माळाही आणवल्या होत्या. मालकांनीही आपलं वचन पाळलं होतं. दक्षिणेकडे जाणाऱ्या एका गाडीवानाशी बोलून ठेवलं होतं. त्यांनी मला स्वतःच सांगितलं, आणि सांगताना त्यांचे डोळे ओले होते. मी माझं गाठोडं बांधून ठेवलं.

दिवे लागले, मशाली पेटल्या, पडदा वर गेला. मी उभा राहून आरंभाची पदं गायलो, मग कौंडण्यपूरचा राजवाडा दाखवला. राजवाड्यात एक रांजण. गावातल्याच कुंभाराचा होता. राजकन्या घागर घेऊन आली. मृदंगवाल्याला मी हात दाखवला. तो थांबला. मी तोंड मिटून उभा राहिलो. आयुष्यात त्याआधी मी रंगभूमीवर गप्प उभा राहिलो नव्हतो. हात कुठे ठेवायचे हेसुद्धा कळेना.

पाणी रांजणात पडू लागलं. मंडपात फक्त तेवढाच आवाज. आई झालेल्या नटाने विचारलं, "अगं, दासी आहेत ना? तुला दर्शनाला उशीर होईल." पोराने काही उत्तर दिलं नाही, तो दुसरी घागर आणायला वळला. आता सगळ्यांना कळलं होतं. रांजण भरला की ती जाणार. कनातीमागे बांगड्या वाजल्या. कोणाला तरी हुंदका आला. तिसरी घागर ओतायला त्याने खांदा वाकवला, तेवढ्यात बायकांतून एक आवाज आला, मोठा, भान विसरलेला:

"हळू भर वो बाई! हळू भर!"

पोरगा थबकला. खरं तर गडबडलाच. पण मग त्याने घागर तिरपी केली आणि इतकी बारीक धार सोडली, की ती संपेपर्यंत मला श्वास घेता आला नाही. पुढे भाऊ आला, तहानलेला, रांजणातलं पाणी प्यायला आणि विचारलं, "आज रांजण कोणी भरला?" तेवढ्यावर आईने कपाळाला हात लावला. मग रथ, घोडे, द्वारका सगळं झालं. मी गायलो, चांगलं गायलो. पण खरं नाटक रांजणापाशीच होऊन गेलं होतं.

आणि लोक? गप्पच. ना वाहवा, ना खडे. उठले आणि आपापल्या घरी गेले. काकाजीही पागोटं सावरत निघून गेले.

सकाळी कोणी आलं नाही. मालक धर्मशाळेच्या दारात येरझारा घालत होते. गाडीवान बैल जुंपून आला. माझं गाठोडं गाडीत चढलं. ऊन चढलं तेव्हा कुठे काकाजींचा गडी उगवला. "जेवाले बोलावलं," एवढंच बोलला. मालक गाडीवानाला म्हणाले, "चल, त्यांच्या दारात थांब. जेवून तसाच निघंल ह्यो."

वाटेत माझ्या डोळ्यांपुढे पुरणपोळी होती. या खेपेला काय बोलतील? पद काढलं तेच चुकलं का? राजकन्येने पाणी भरायला नको होतं का? काकाजींच्या दाराशी पोचेपर्यंत मी स्वतःवर इतकी टीका केली होती, की कोणत्याही साप्ताहिकाला वर्षभर पुरली असती.

पाटावर बसलो. सुनेने ताट पुढे ठेवलं. ज्वारीची भाकर, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, मिरचीचा ठेचा आणि हाताने फोडलेला कांदा. तुपाची वाटी नाही. गोड तर नावाला नाही. शेजारी काकाजींचंही ताट तसंच.

मालकांचा चेहरा पडला. ते माझ्या कानाशी लागले, "संपलं रं. भाकरीवर आलो." मी भाकरीचा तुकडा मोडला, पण तो तोंडापर्यंत जाईना. कारण मला हळूहळू कळू लागलं होतं, आणि ते खरं मानायची भीती वाटत होती.

मालकांना राहवलं नाही. नम्रपणे म्हणाले, "आज साधंच केलंत जणू?"

दाराआडून काकू म्हणाली, "आज काई बोलाचं नाई. मंग गोड कायले?"

काकाजी मान खाली घालून भाकर चुरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण मिशांखाली हसत होते. माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं, आणि ठेचा तिखट आहे असं म्हणायचंही मला सुचलं नाही. मी आणखी एक भाकर मागितली.

मालकांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते हातातला घास तसाच ठेवून उठले, उष्ट्या हाताने दारापर्यंत गेले आणि बाहेर ओरडून म्हणाले, "अरं ए, बैल सोड. त्याचं गाठोडं खाली काढ आन् तूबी जेवाया ये."